‘प्राचीन’ म्हणजे पवित्र नव्हे!

मित्रांनो, ‘शिंतो हा जपानचा अनादी निसर्गधर्म’ असं आपलेही लोक कौतुकाने सांगतात. डोंगर-झाडांतले ‘कामी’ लोक पूर्वापार पुजत, हे खरं. पण सम्राटाला सूर्यदेवी अमातेरासूचा वंशज ठरवणारे ‘कोजिकी’ (इ.स. ७१२) आणि ‘निहोन शोकी’ (७२०) हे ग्रंथ दरबारानेच रचून घेतले. १८६८ पासून मेइजी सरकारने शिंतो देवळांतून बुद्ध बाहेर काढला.

आणि ‘केगारे’ म्हणजे काय? विटाळच! मृत्यू-रक्ताच्या याच विटाळावर बोट ठेवून कातडी कमावणाऱ्यांना ‘एता’ ठरवून वेगळ्या वस्तीत ढकललं. यात बौद्ध मठांचेही हात स्वच्छ नाहीत. त्यांनी एतांना मरणोत्तर नावंही हीन दिली. १८७१ च्या फर्मानाने ‘एता’ शब्द गेला, भेद उरला. म्हणून १९२२ मध्ये त्यांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना उभारली.

प्राचीनतेला हात जोडण्याआधी विचारा: ती लिहिली कोणी, आणि कोणाच्या सोयीसाठी?

जय भीम!