ओंजळभर पाणी

गेल्या आठवड्यात आमची आजी गेली. 92 वर्षांची होती. नात्याने आईची मावशी, पण वसईतल्या निर्मळजवळच्या त्या वाडीत लहानथोर सगळ्यांची ती आजीच.

डोळ्यांपुढे येते ती विहिरीच्या काठावर उभी असलेली. उन्हाळ्यात पंप सुरू करण्याआधी ती ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकून टाकायची. पाणी मचूळ लागलं, तर त्या दिवशी केळीला पाणी नाही. तिच्या जिभेचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर रहाट होता. पहाटे चारला उठून भाजीच्या जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घेऊन वसई रोडला गाडी धरायची, दादरला माल विकून दुपारी परतायचं, की पुन्हा गोठा आणि शिंपणं. रविवारी मात्र लाल लुगडं नेसून देवळातली, म्हणजे चर्चमधली, पहिली मिस्सा ठरलेली. तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. 1962 ते 1965 या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. आजी सांगायची, "तोवर नुसतं पाठ म्हणायचो गं, मग देवाशी बोलायला लागलो."

देवळाची मृत्यूची घंटा ऐकली की हातातलं काम टाकून ती निघे. प्रेताला आंघोळ घालायची, त्या घरासाठी पेज शिजवायची, म्हाताऱ्यांच्या उशाशी रात्र काढायची. घर कोणत्या जातिधर्माचं हे तिने पाहिलं नाही. याला समाजसेवा म्हणतात, हेही तिच्या गावी नव्हतं. "जावं लागतं," एवढंच म्हणायची.

1980च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला. टँकरवाल्यांच्या उपशाने गोड्या विहिरींत खारं पाणी शिरू लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आजी मोर्चाला गेली. पदराखाली आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. कुणी विचारलं तर चव दाखवायला!

देवळाच्या दप्तरात तिचं नाव तीनदा आहे : बाप्तिस्मा, लग्न आणि आता मृत्यू. सातबाऱ्यावर मात्र आजोबा असेपर्यंत ते नव्हतंच. नंतर लागलं तेही वारस म्हणून. सत्तर वर्षं ती जमीन कसणारी बाई कागदावर शेतकरी झालीच नाही. 2015-16च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'तून पुरुषांना सांगितलं होतं, की आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करा. ते आजही तितकंच खरं आहे. घरात अशी बाई असेल, तर तिच्या डोळ्यांदेखत तिचं नाव सातबाऱ्यावर लावा. फुलं काय, दफनाच्या दिवशी सगळेच आणतात.

दफनानंतरच्या सकाळी मी विहिरीवर गेले. मामी पंपाच्या खोलीपाशी उभी होती. बटण दाबण्याआधी तिने ओंजळ भरली, घोट तोंडात घोळवला, थुंकला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "गोड आहे."