तगलेल्यांचेच पोवाडे

‘माणूस काय, कशाशीही जुळवून घेतो!’ हवामानबदलाचा विषय निघाला की एवढं बोलून चहाचा पुढचा घोट घेणाऱ्यांची मला चीड येते. हल्ली त्यांना पुरावाही सापडलाय : इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं स्टार कार.

पुरावा खरा आहे, हीच पंचाईत. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तिथे तळ्याकाठी शिकारी लोक राहत. ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ मध्ये खोदकाम केलं, तेव्हा हरणांच्या शिंगांसकट कवट्यांना भोकं पाडून केलेली २१ शिरोभूषणं निघाली. तळ्याच्या गाळाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं, की त्या काळात थंडीचे दोन तडाखे बसले, सरासरी तापमान ३ अंशांहून अधिक घसरलं. पहिल्या तडाख्यात वस्तीचा जम बसायला बहुधा वेळ लागला. दुसरा त्यांनी पचवला.

झालं! आमचे आशावादी लगेच टाळ्या पिटतात. अहो, पण ती माणसं तगली कशाच्या जोरावर? हरणं, एल्क, रानबैल, रानडुकरं, तळ्यातले मासे. एक हुकलं तर दुसरं होतं. काही पेरलेलंच नव्हतं, मग बुडणार काय? डोक्यावर सोसायटीचं कर्ज नव्हतं. सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे जागा नकोशी झाली की उठायचं आणि चालू पडायचं. अख्ख्या ब्रिटनमधली तेव्हाची माणसं आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावली असती. आपण आठशे कोटींच्या वर आहोत, आणि बहुतेकांचं पोट गहू, तांदूळ, मका या तिघांवर टांगलेलं.

शिवाय पोवाडे तगलेल्यांचेच गायचे, ही जुनी लबाडी. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी पुन्हा एकाएकी गारठा आला आणि पश्चिम स्कॉटलंडमधल्या मानवी वावराच्या खुणा झपाट्याने विरळ झाल्या. मेले की परागंदा झाले, याची चौकशी हे आशावादी करत नाहीत. स्टार कार एवढं त्यांना पुरतं. समुद्र चढत गेला तशी ब्रिटनला युरोपशी जोडणारी डॉगरलँडची सखल जमीनही बुडाली. तिथल्या माणसांनी चढाची वाट धरली असेल, तेव्हा निदान पासपोर्ट कुणी मागितला नाही.

तेव्हा जुळवून घेण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं : समुद्र आत आला की बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या माणसाला तुम्ही कुठल्या कुंपणातून आत घेणार आहात?