मांजर उदास आहे की आजारी?

जळगाव-धुळ्याच्या वैशाखात मांजर दिवसभर सावलीत निजले, तर ती उदासी नव्हे. मात्र ऊन उतरल्यावरही ते कोपरा सोडत नसेल, अंग चाटत नसेल, आवडता घास नाकारत असेल, तर लक्ष द्यावे. घरातील माणूस अंतरल्यावर किंवा मुले परगावी गेल्यावर असे घडते. तथापि दात, सांधे वा मूत्रपिंडाचे दुखणेही असेच दिसते. म्हणून प्रथम पशुवैद्यकास दाखवावे. दोन-तीन दिवसांची उपासमार मांजराच्या यकृतास घातक ठरू शकते. आपल्या औषधांतील पॅरासिटामॉल कदापि देऊ नये; त्याने मांजर दगावते. जेवणाच्या वेळा पाळाव्यात, खाणे किंचित कोमट करून द्यावे. लपलेल्या मांजरास ओढून काढू नये. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ शांत बसावे.