विश्लेषण : क्वांटम यंत्रांइतकीच अलिबागची शांतताही का महत्त्वाची?

नागावच्या किनाऱ्याकडे निघालेले बहुतेक पर्यटक अलिबागमधून जातात. तिथे एक चुंबकीय वेधशाळा आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. क्वांटम तंत्रज्ञानावर कोट्यवधी रुपये खर्च होत असताना या वेधशाळेची गोष्ट आठवायला हवी.

वेधशाळा अलिबागला का आली?
पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१पासून घेतल्या जात. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली. १९०४मध्ये तिथे काम सुरू झाले. १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन आकडे पडताळले गेले. १९०७मध्ये ट्राम विजेवर धावू लागली.

जोसेफसन परिणाम म्हणजे काय?
काही धातू अतिथंड केले की विजेला होणारा विरोध नाहीसा होतो. हे अतिवाहक. दोन अतिवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अतिपातळ थर असला, तरी इलेक्ट्रॉनच्या जोड्या पलीकडे पोहोचतात, तेही व्होल्टेज न लावता. भिंत न फोडता, न ओलांडता पार होण्याचा हा प्रकार म्हणजे ‘टनेलिंग’. केंब्रिजमधील २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी १९६२मध्ये हे गणिताने दाखवले. १९७३मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

उपयोग कोणते?
अशा जोडावर सूक्ष्मलहरी सोडल्या की व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांनी वाढते. त्यावरून प्रयोगशाळा व्होल्टचे प्रमाण ठरवतात. याच जोडापासून ‘स्क्विड’ हा संवेदक बनतो. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असते, तेही तो टिपतो. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रणा देशात उभारली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील क्वांटम संगणकाचे क्युबिटही याच जोडावर चालतात.

मग प्रश्न काय?
केंद्राने २०२३मध्ये ६,००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्यात संवेदन आणि मापनाची धुरा आयआयटी मुंबईकडे आहे. तरी चर्चा होते ती क्युबिटच्या संख्येची. संगणकाचे मोठे आश्वासन अजून पुरे व्हायचे आहे, मोजमापाचे कधीच झाले आहे.

पण नुसते संवेदक घेऊन भागत नाही. मेंदूच्या तपासणीसाठी कवचबंद खोली बांधता येते. पृथ्वीचेच क्षेत्र मोजणाऱ्या वेधशाळेला कवचात कोंडता येत नाही. अलिबागची उपकरणे स्क्विडपेक्षा वेगळी असली, तरी शत्रू तेच : आसपासची वीज, लोखंड, वाहने. सौरवादळांच्या अभ्यासाला लागणारी शतकभराची सलग नोंद एकदा बिघडली, तर ती पैशाने परत मिळत नाही.

म्हणून अलिबाग-नागाव पट्ट्यात नवी बांधकामे, विजेवरची वाहतूक वा मोठे प्रकल्प आखताना वेधशाळेचे म्हणणे आधी विचारले पाहिजे. मूस यांनी ट्राम येण्याआधी विचार केला होता. आजच्या नियोजनकर्त्यांकडून तेवढी अपेक्षा गैर नाही.