गिअरबॉक्स बदलण्यापूर्वीं पंचनामा

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत पिकअप गाडी आतां शेतकऱ्याच्या औजारांतच जमा झाली आहे. नीरा डाव्या कालव्यावरचा ऊंस कारखान्याच्या गाड्यांनीं जातो खरा. परंतु डाळिंब, पेरू, भाजीपाला, दूध, खताचीं पोतीं आणि उंसाचें बेणें यांची ने-आण पिकअपवरच चालते. अशी गाडी ऐन हंगामांत बंद पडली म्हणजे नुकसान केवळ दुरुस्तीचें होत नाहीं. तोडलेलें डाळिंब पुन्हां झाडाला लावतां येत नाहीं. म्हणून गाडीच्या गिअरबॉक्सचा विषय मिस्त्रीवर सोंपवून मोकळें होण्यासारखा नाहीं, असें माझें मत आहे.

बहुतेकांच्या दारीं असलेली बोलेरो पिकअप हातानें गिअर टाकण्याची आहे. तिची क्लचप्लेट गेली तर भिगवणचा किंवा इंदापूरचा मिस्त्री ती बदलून देतो, आणि काय बदललें तें मालकालाहि समजतें. परंतु २०१९ सालापासून इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटाची हायलक्स या डिझेल पिकअप आपोआप गिअर बदलणाऱ्या रूपांत या देशांत विकल्या जाऊं लागल्या, आणि आमच्याकडील सधन बागायतदारांचें लक्ष तिकडे गेलें. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्यास पुण्याच्या रहदारींत ही सोय मोठी वाटेल; मी तिची निंदा करीत नाहीं. मात्र ही पेटी बिघडली म्हणजे होणारा खर्च क्लचप्लेटच्या खर्चाच्या पंक्तीला बसणारा नव्हे, हें गाडी घेतांना कोणी सांगत नाहीं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओचा कारखाना तीनचाकी गाड्या तयार करतो, त्यामुळें येथें कुशल हात पुष्कळ आहेत. पण ऑटोमॅटिक पेटी उघडण्याची विद्या निराळी आहे.

ती निराळी कां, हें थोडक्यांत सांगतों. हाताच्या गिअरच्या गाडींत एंजिन व गिअरबॉक्स यांना क्लचप्लेट जोडते. ऑटोमॅटिक गाडींत त्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर नांवाचा, तेलानें भरलेला गोल डबा असतो. एंजिन त्यांतील तेल फिरवितें आणि तें फिरणारें तेल पुढचें चक्र फिरवितें. पुढें पेटींत दांतेरी चक्रांचे संच आणि पातळ क्लचपट्ट्यांचे थर असतात. कोणता थर केव्हां दाबावयाचा हें गाडीचा संगणक ठरवितो. दाबण्याचें काम पुन्हां तेलच करतें. म्हणजे येथें तेल हें नुसतें वंगण नव्हे. तेंच जोर पोंचवितें, तेंच गिअर बदलतें, आणि कूलरमध्यें जाऊन उष्णताहि तेंच बाहेर टाकतें. तेल जळलें कीं पट्ट्या घसरूं लागतात. पट्ट्या घसरल्या कीं उष्णता आणखी वाढते. आणि मग पेटी फार दिवस तग धरीत नाहीं.

आतां आपल्याकडील वापर पाहा. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पुण्याहून सामान भरून येणारी गाडी दिवे घाट मंद गतीनें चढते. काळ्या रानांत चाक रुतलें म्हणजे आमचा चालक गाडी पुढें-मागें, पुढें-मागें झुलवीत बसतो. त्या चार-दोन मिनिटांत पेटीचें तेल जितकें तापतें तितकें हमरस्त्यावरील मोठ्या प्रवासांतहि तापत नाहीं. त्यांतच हौद्याला फळ्या लावून दीडपट माल भरावयाचा. फळ्यांनीं हौदा वाढतो, गाडीची क्षमता वाढत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत जादा वजनास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड ठेविला आहे. तो चुकविण्याची धडपड सर्व करतात. पेटी जो दंड घेते त्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. शिवाय "या पेटीचें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं" असें विकणाऱ्यानें सांगितलें तरी गाडीबरोबरचें पुस्तक उघडून पाहावें. जड वापराच्या गाडीसाठीं बहुधा निराळें वेळापत्रक दिलेलें असतें, आणि आपला वापर त्याच सदरांत मोडतो.

पेटी बंद पडली असें समजा. "पेटी गेली, बदलावी लागेल," हा निकाल पुष्कळदां दहा मिनिटांत दिला जातो. महसूल खात्यांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्यास हें चमत्कारिक वाटतें. गारपिटीनें बाग झोडपली तर पंचनाम्यावांचून आम्ही कागद पुढें सरकवीत नव्हतों. येथें मात्र बागेच्या उत्पन्नाएवढा खर्च एका तोंडी वाक्यावर मंजूर होतो. बॅटरी अशक्त असली, एखादी तार उंदरानें कुरतडली असली, सेन्सर किंवा तेलाचा मार्ग उघडझांप करणारा सोलेनॉइड बिघडला असला, तरी गाडीचा संगणक पेटीच्या रक्षणासाठीं एकाच गिअरवर अडून बसतो. अशा वेळीं गाडी उचलत नाहीं, पण पेटी गेलेली नसते. तेव्हां प्रथम स्कॅनर लावून संगणकांतील दोष कागदावर उतरवून घ्यावे. मग नेमलेल्या तपमानास तेलाची पातळी पाहावी; नव्या पेट्यांना पुष्कळदां मोजपट्टीच नसते, पातळी बुचांतून पाहावी लागते. तेल काळें व जळक्या वासाचें आहे काय, तळच्या पात्रांत धातूचा चुरा आहे काय, हें मालकानें स्वतः उभें राहून पाहावें. एवढें झाल्यावरच पेटी बदलण्याची भाषा करावी.

आणि बदलावयाची ठरली तरी ती कां गेली याचें उत्तर मिळाल्याखेरीज नवी बसवूं देऊं नये. इंदापूर तालुक्यांतील माझ्या परिचयाच्या एका बागायतदाराच्या गाडीची पेटी बदलली, आणि चार महिन्यांत दुसरीहि गेली. पहिल्या पेटीचा चुरा कूलरमध्यें व नळ्यांत तसाच राहिला होता; तो तेलाबरोबर दुसऱ्या पेटींत उतरला. कूलर बदलण्याचा किंवा धुण्याचा खर्च वांचविला, आणि पेटीची किंमत दोनदां मोजली. टॉर्क कन्व्हर्टरहि जुना ठेवूं नये, कारण त्याच्या पोटांतील चुरा पूर्णपणें निघत नाहीं. तो बसवितांना पेटींतील पंपावर शेवटपर्यंत बसला नसतां बोल्ट आवळले, तर एंजिन सुरू होतांच पंप मोडतो. शेवटीं कंपनीनें नेमलेलेंच तेल भरून संगणकास नव्या पेटीची ओळख करून द्यावी लागते. ही यंत्रणा ज्या कारखान्यांत नाहीं तेथें, मिस्त्री कितीहि प्रामाणिक असला तरी, हें काम देऊं नये.

एक गोष्ट विशेष बजावून सांगावीशी वाटते. बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढीत आणणें ही आपली रीत आहे. हाताच्या गिअरच्या गाडीला तें बहुधा चालतें. ऑटोमॅटिक पेटींत तेल फिरविणारा पंप एंजिनवर चालतो; एंजिन बंद असतां मागचीं चाकें फिरलीं तर पेटीचे भाग कोरडेच घासतात. म्हणजे किरकोळ दोषानें अडलेली चांगली पेटी इंदापूर गांठेपर्यंत खरोखरच निकामी होऊं शकते. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून आणावी. तें जमत नसेल तर, दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीचीं मागचीं चाकें उचलावीं अथवा प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा. धक्का देऊनहि ही गाडी सुरू होत नाहीं.

पेटी कोणती घ्यावी? नवी परवडली तर प्रश्नच नाहीं. जाणत्या कारखान्यानें उघडून, पट्ट्या व सीलें बदलून पुन्हां बांधलेली पेटी हा माझ्या मतें मध्यम व बरा मार्ग. भंगारांतून काढलेली पेटी स्वस्त पडते, आणि बहुतेकांचा ओढा तिकडेच असतो. पण जिचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं अशी पेटी घेणें म्हणजे सातबारा न पाहतां जमीन घेणें होय. ती कोणत्या गाडीची, किती किलोमीटर चाललेली, गाडी अपघातांत गेली कीं पेटीच सदोष होती, हें विचारावें. दोन चाकांवर व चार चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या पेट्या निरनिराळ्या असतात, म्हणून पट्टीवरील क्रमांक जुळवावा. पक्कें बिल मिळत नसेल तर तो माल घेऊंच नये. तो चोरीचाहि असूं शकतो.

येथें माझा मुख्य मुद्दा येतो. गाडीच्या आर.सी. पुस्तकांत एंजिनचा व चॅसीचा क्रमांक असतो; गिअरबॉक्सच्या क्रमांकास तेथें रकानाच नाहीं. एम.एच. ४२ ची गाडी असो वा दुसरी कोणती, तशीच पेटी बदलली तर परिवहन कार्यालयाच्या दप्तरीं त्याची खूण उमटत नाहीं. हा फेरफार सरकारदरबारीं नोंदला जात नाहीं, म्हणून तो मालकानेंच नोंदून ठेवावयास हवा. काम सुरू होण्यापूर्वीं लेखी अंदाजपत्रक, निघालेल्या व बसविलेल्या पेटीचे क्रमांक, त्या दिवशींचे किलोमीटर, भरलेल्या तेलाचें नांव आणि हमीची मुदत एवढें एका कागदावर सहीनिशीं घ्यावें. जुनी पेटी हिशेबांत वळती केली असेल तर तसें लिहून घ्यावें, नाहींतर ती परत मागावी. मिस्त्रीला हा अविश्वास वाटतो, अशी तक्रार मी ऐकली आहे. खरेदीखत करणाऱ्याला तर तसें कधीं वाटत नाहीं!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत व्यापारी हेतूनें घेतलेली सेवा वगळली आहे. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठीं स्वतः राबणारा त्यांतून सुटतो. दोन वर्षांच्या आंत पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जातां येतें, आणि दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्कहि नाहीं. पण तेथें तोंडी गोष्टी टिकत नाहींत. वर सांगितलेला कागदच पुढें ठेवावा लागतो.

आपल्या सोसायट्या खतें व औषधें पुरवितात. त्यांनीं वर्गणी काढून तालुक्यास एक चांगला स्कॅनर घ्यावा, तो चालविणारा एखादा शिकलेला तरुण नेमावा, आणि गिअरबॉक्स बदलाच्या नोंदीचा एक छापील नमुना सभासदांस द्यावा, अशी माझी सूचना आहे. सभेनें ती मान्य केल्यास नमुन्याचा मसुदा मी विनामूल्य तयार करून देईन.