पोळ्याला घरी, लॅपटॉपसकट!

पोळा जवळ आला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमधल्या यवतमाळकरांचं एकच गणित सुरू होतं. सुट्ट्या किती उरल्यात? उत्तर बहुधा शून्य. पण बॉस ‘वर्क फ्रॉम एनीव्हेअर’ म्हणालाय ना? मग काय, सकाळी बैल सजवायचे आणि साडेअकराची मीटिंग अंगणातून! आयडिया झकास आहे. फक्त ती सगळी खिशातल्या हॉटस्पॉटवर उभी आहे. तो ऐन प्रेझेंटेशनला झोपला, तर पुढच्या पोळ्याला ‘एनीव्हेअर’ म्हणजे तुमचंच क्युबिकल.

तर राजेहो, आधी प्लॅन बघा. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे ‘रोज दीड जीबी, 84 दिवस’ छापाचा प्रीपेड असतो. बेरीज 126 जीबी, ऐकायला जाम भारी! पण तुमच्या हातात असतो फक्त आजचा दीड. तो संपला की स्पीड 64 केबीपीएसवर येतो आणि नवा कोटा थेट रात्री बाराला. तासाभराचा ग्रुप व्हिडिओ कॉल एक जीबी सहज खातो. म्हणून कामासाठी जाताय तर रोजची मर्यादा नसलेला, एकगठ्ठा डेटाचा पॅक घ्या. चार दिवसांत कमी-जास्त वापरला तरी कुणी बाराचे ठोके मोजत नाही.

‘पण माझ्याकडे अनलिमिटेड 5जी आहे!’ आहे ना. तो अनलिमिटेड फक्त 5जीच्या सिग्नलमध्ये. शहर सोडून आर्णी, घाटंजीच्या रस्त्याला लागलात की फोन गुपचूप 4जीवर उतरतो आणि रोजच्या कोट्याचं मीटर पळायला लागतं. यात कुणाचं कारस्थान नाही. 5जीच्या 3500 मेगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान, पण लवकर दमतात. 850-900 वाल्या लांबवर पोचतात आणि भिंतीतूनही आत शिरतात. गावाला त्याच तारतात.

कंपनी कोणती? हा प्रश्न पुण्यातल्या मित्राला विचारू नका. काकांना विचारा, ‘घरात, मधल्या खोलीत कोणता फोन लागतो?’ पुसदला चहूकडून डोंगर, पांढरकवड्याकडे टिपेश्वरचं जंगल. एका फाट्यावर फुल रेंज आणि पुढच्या वळणावर शून्य, असं चालायचंच. कंपन्यांच्या वेबसाइटवर आता कव्हरेजचे नकाशे असतात, तेही बघा, पण काकांचा शब्द शेवटचा. दुसऱ्या कंपनीचं एक स्वस्तातलं सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवाच. लाइट बराच वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही मान टाकते. तेव्हा दुसरा टॉवर कामी येतो.

आता खरा चोर. तो तुमच्या लॅपटॉपमध्येच बसलाय. हॉटस्पॉट त्याला वायफाय वाटतो, म्हणजे फुकटचं! मग विंडोजचे अपडेट्स, फोटोंचं सिंक, सगळं एकदम सुरू. सेटिंगमध्ये जाऊन त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ करा. एका मिनिटाचं काम आहे, पण अर्धा डेटा वाचतो. लागणाऱ्या फाइल्स निघण्याआधी ऑफिसच्या नेटवर उतरवून घ्या. आणि फोन केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग करा: कनेक्शन स्थिर, फोन चार्ज. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात हॉटस्पॉट लावलेला फोन एवढा तापतो की स्वतःच रजेवर जातो.

चालत्या गाडीतून मीटिंग असेल तर कॅमेरा बंद ठेवा. गाडी टॉवरमागून टॉवर बदलते, त्यात तुमचा चेहरा गोठतो आणि तो कधीच चांगल्या पोझमध्ये गोठत नाही. आवाजाला डेटाही चिमूटभर लागतो. नागपूर-हैदराबाद हायवेने पिंपळखुटी ओलांडून आदिलाबादकडे जाणाऱ्यांनो, सर्कल बदलल्याचा मेसेज आला तरी टेन्शन नको. डेटा तोच, पैसे तेच.

पुण्याहून स्लीपर ट्रॅव्हल्सने निघाला असाल आणि प्लॅन अजून तो दीड जीबीवालाच असेल, तर मोठी फाइल बारा वाजून पाच मिनिटांनी चढवा. गाडी कुठल्या तरी ढाब्यावर थांबलेली, आख्खी बस घोरतेय, टॉवरवर गर्दी नाही आणि नवा कोटा कोरा करकरीत.