वाळूचा उघडा तुकडा

जमिनीचे मोल ठरविताना तिच्यावर काय पिकते, एवढेच पाहण्याची माणसाची जुनी सवय आहे. जेथे धान्य नाही, लाकूड नाही, ती जमीन कागदोपत्री ‘पडीक’ ठरते. दक्षिण इंग्लंडमधील ‘हीथ’ नावाच्या माळरानांवर हाच शेरा बसला, आणि त्याची झळ एका लहानशा जीवाला पोहोचली.

‘हीथ टायगर बीटल’ हा तो जीव; माळावरचा वाघ-भुंगेराच म्हणावयाचा. लांबी जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर, रंग काळपट तपकिरी, त्यावर फिकट पिवळसर खुणा. ऊन तापले की तो वाळूवर वेगाने धावून मुंग्या, कोळी, सुरवंट टिपतो. ब्रिटनमध्ये आज तो डॉर्सेट, हॅम्पशायर व सर्रे या परगण्यांतील मोजक्या माळांवरच उरला आहे.

त्याची खरी नड बालपणी असते. मादी उघड्या वाळूत अंडी घालते. अळी तेथेच उभे बीळ खोदते, आपल्या रुंद डोक्याने त्याचे तोंड बंद करते आणि जवळून जाणारी मुंगी झडप घालून आत ओढते. पाठीवरील आकड्यांनी ती बिळाच्या भिंतीला घट्ट धरून राहते. प्रौढ होण्यास साधारण दोन वर्षे लागतात. तेवढ्या काळात वाळूचा तो तुकडा झुडपांखाली गेला, तर तिला दुसरीकडे जाणे जमत नाही.

हे माळ आपोआप झालेले नाहीत. हजारो वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी निकस वालुकामय जमिनीवरील जंगल तोडले आणि तेथे जांभळ्या फुलांचे हेदर पसरले. पुढे गावकरी तेथे गुरे चारीत, सरपणासाठी काटेरी झुडपे तोडीत, हेदर कापून नेत. टॉमस हार्डी यांच्या १८७८ मधील ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीचा नायक दृष्टी अधू झाल्यावर असेच सरपण तोडण्याचे काम पत्करतो. त्या कष्टकऱ्यांच्या कोयत्यांनी आणि गुरांच्या खुरांनी वाळू जागोजागी उघडी राहत असे. त्यांच्या नकळत भुंगेऱ्याचे घर शाबूत राहिले.

नंतर काळ पालटला. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई भासल्याने १९१९ मध्ये वनीकरण आयोग स्थापन झाला आणि अनेक माळांवर पाइनच्या रांगा उभ्या राहिल्या. काही माळ नांगराखाली गेले, काहींवर घरे उठली. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉर्सेटमध्ये सुमारे ४०,००० हेक्टर माळ होते. १९७८ पर्यंत ते ६,००० हेक्टरांच्याही खाली आले, आणि तेही शेकडो तुकड्यांत विखुरलेले. उरलेल्या माळांवर चराई थांबताच बर्च व पाइनची रोपे माजली. या भुंगेऱ्याच्या शास्त्रीय नावातील ‘सिल्वॅटिका’ या शब्दाचा अर्थ ‘वनातला’. इंग्लंडमध्ये मात्र माळावर वन दाटले की त्याचा ठाव सुटतो.

म्हणून आज त्याला राखणारी माणसे हाती कुदळ घेतात. ती पाइनची रोपे उपटतात, दक्षिणेकडील उतारावर माती खरवडून वाळू उघडी करतात, गुरे व तट्टे पुन्हा चरावयास सोडतात. २०२० मध्ये डॉर्सेटमधील पर्बेक येथे विखुरलेले माळ जोडून ३,००० हेक्टरांहून मोठे राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित झाले.

या कामात हात सैल सोडूनही चालत नाही आणि अति करूनही चालत नाही. पावलांची वर्दळ थोडी असली तर वाळू उघडी राहते. फार झाली तर बिळे चिरडतात. सारा उतार एकदम खरवडला, तर आतील अळ्याच मरावयाच्या. यास्तव यंदा एक तुकडा, पुढे दुसरा, असा क्रम ठेवावा लागतो. ज्या वाळूत अळी आहे, तेथे कुदळीने दोन वर्षे थांबावयाचे असते.